बिनतिकिटाची जागा

रविवार, ९ मार्च. सकाळी साडेसात. अमरावती, तायडेकाकांची गच्ची.

हजर: नामदेव तायडे, वय बहात्तर, निवृत्त बस कंडक्टर. त्यांच्या पत्नी शांताकाकू. मुलगा आनंद. सून प्रज्ञा. मी, शेजारीण, यादी लिहिण्यापुरती. गैरहजर: मुलगी सुनंदा, मुक्काम अकोला.

विषय: नेपाळ. सहकुटुंब, स्वस्तात, तंबूत राहून, स्वतःच्या गाडीशिवाय.

एवढं मी तिथेच लिहून काढलं. कॉलेजच्या ऑफिसात आयुष्य गेलं आहे माझं. कुठे चार माणसं जमली की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. माझ्या नोंदीत चूक नव्हती. चूक हजेरीत निघाली.

काकांनी गळ्यातली शिट्टी एकदा फुंकली आणि नंबर पुकारायला सुरुवात केली. "एक," म्हणाले आणि स्वतःच "हाव" म्हणाले. "दोन."

"इथंच हावो मी. कुठं पळून चालली या वयात?" काकू म्हणाल्या.

तीन म्हणजे आनंद, चार म्हणजे प्रज्ञा. दोघांनी हात वर केले. पाच म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "थे अकोल्याले हाये." काकांनी वहीत एक गोल काढला.

"सहा."

मला वाटलं, सहा म्हणजे मी. मी "हजर" म्हणाले.

"तुमी नाई, ताई. तुमी लिवनाऱ्या."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. पाण्याच्या टाकीकडे बघत होते. टाकीच्या सावलीत एक गोधडी वाळत होती, बाकी काही नव्हतं. साधारण तीन श्वास काका थांबले, मग मान हलवली आणि सहासमोर बरोबरची खूण केली. आनंद मोबाईल बघत होता. प्रज्ञा कप गोळा करायला लागली. या घरात हे रोजचं आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी माझ्या वहीत लिहिलं: एकूण सहा? आणि प्रश्नचिन्हाभोवती चौकोन काढला.

तायडेकाकांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण त्यांच्यातला कंडक्टर अजून ड्युटीवर आहे. ते शब्दांपेक्षा बेलनं जास्त बोलतात. तुम्ही फार लांबण लावली की टेबलावर एकदा टक करतात. म्हणजे थांबा. पटलं तर दोनदा. म्हणजे चालू द्या. "भाजीत मीठ जास्त पडलं का ताट एकदाच वाजवते हा मानूस," असं काकू सांगतात. "दोनदा वाजवलेलं मले आठवतच नाई." कॉलनीत लग्न असलं की काका मांडवाच्या दाराशी उभे राहून डोकी मोजतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. जेवणं उरकली की यजमानाला गाठून सांगतात, "जेवढे आत गेले तेवढे भाईर आले. चिंता नोको." ज्या यजमानाला अशी चिंता कधीच नव्हती, त्याला त्या क्षणापासून ती लागते.

मोटारीचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. आनंदनं हप्त्यावर एक छोटी गाडी घ्यायचं काढलं होतं, तर काकांनी जेवणाच्या टेबलावर एकदा टक केलं आणि विषय संपला. "गाडीत कंडक्टर नसते," हे त्यांचं कारण. "डायवर पुढं पायते. मांगं कोन पायते? दार लावलं का झालं, सारे बसले असं वाटते मानसाले."

परदेशाची कल्पनाही त्यांचीच. आनंदच्या ऑफिसातले लोक विमानानं कुठंकुठं जाऊन आले, तेव्हा काका म्हणाले की ज्या परदेशात पायी शिरता येतं तो खरा परदेश. बडनेऱ्याहून रेल्वे, मधे एकदा बदलून गोरखपूर. तिथून बसनं सोनौली. सीमा पायी ओलांडायची, पासपोर्ट नको, मतदानाचं कार्ड पुरतं. पलीकडे पहिला मुक्काम लुंबिनी, कारण शांताकाकूंना बुद्धाची जन्मभूमी डोळ्यांनी बघायची आहे. त्यानंतर बसनं पोखरा, तिथे तळ्याकाठी तंबू लावायची जागा भाड्यानं मिळते. स्टोव्ह घरचा, चटण्या घरच्या, तंबू स्वतः शिवून घ्यायचा.

"तंबूच कशाला?" मी विचारलं होतं. "धर्मशाळा स्वस्त पडेल."

"खोल्या येगळ्या येगळ्या असते, ताई. तंबूत सारे एका नजरेत."

मला हे फार व्यवहारी वाटलं. आम्हा यादीवाल्यांना असा माणूस आवडतो. मी त्यांना सहा रकाने आखून दिले: नाव, वय, ओळखपत्र, औषधं, अंथरूण, कोणाच्या खांद्यावर काय. आठवड्यानं वही परत आली. पहिल्या पाच ओळी चोख होत्या. सहाव्या ओळीत नावाचा रकाना कोरा, वय चार, ओळखपत्र 'लागत नाही', औषधं 'नाही', अंथरूण 'लहान चटई', खांद्यावर 'काही देऊ नये'.

त्या कुटुंबात चार वर्षांचं कोणी नाही. आनंदला मूल नाही. सुनंदा अविवाहित आहे.

मी काकूंना विचारलं. त्या गॅसजवळ पोळ्या लाटत होत्या. "त्याईलेच इचारा बाई," म्हणाल्या, आणि पुढची पोळी तव्यावर टाकायची विसरून तशीच हातावर धरून उभ्या राहिल्या.

तंबू शिवून घ्यायला आम्ही अकोल्याला गेलो, काका आणि मी. मला तिथे बहिणीकडे जायचं होतंच. शिवाय काकांनी एक काम सांगितलं होतं: "सुनंदाले तुमी इचारा, येते का म्हनून. माह्या तोंडून थे आयकत नाई."

बडनेऱ्याला गाडीत चढलो तेव्हा डबा भरलेला होता. आम्हाला तीन माणसांचं बाक मिळालं. खिडकीशी मी, कडेला काका, आणि मधली जागा रिकामी. मूर्तिजापूरला गर्दीचा लोंढा आत आला. लोक दारात लटकत होते, पण मधे कोणी बसेना. एका बाईनं पिशवी टेकवत विचारलं, "इथं कोनी हाये का?"

"बसून हाये," काका म्हणाले.

बाईनं त्या जागेकडे पाहिलं. नीट पाहिलं, थोडं वाकून. मग पिशवी उचलली आणि पुढे गेली. त्या बाईनं भांडायला हवं होतं. वऱ्हाडातली बाई रेल्वेत जागा सोडते ती भांडूनच. मी अकोला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

ताडपत्रीच्या दुकानात शिवणाऱ्यानं विचारलं, "किती मानसाचा करू?"

"साडेपाच," काका म्हणाले.

त्यानं टेप गळ्यातून काढला, माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे.

सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. बेचाळीसच्या आसपास वय, आवाज खणखणीत, आणि बोलणं शाळेमुळे पुस्तकी झालेलं. मी पोचले तेव्हा ती दुसरीच्या वर्गाची हजेरी घेत होती. प्रत्येक मुलाचं नाव घेई, मान वर करून त्याचा चेहरा बघे, मगच पुढचं नाव.

"तुझ्या बाबांसारखंच," मी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "ते मोजतात. मी हाका मारते."

मग तिनं जे सांगितलं ते इथे थोडक्यात देते, कारण तिनंही थोडक्यातच सांगितलं. काका तेव्हा परतवाडा–धारणी गाडीवर होते. एका सुट्टीत त्यांनी घरच्यांना आपल्याच गाडीतून नेलं. सेमाडोहच्या अलीकडे चहाला गाडी थांबली. निघताना काकांनी नेहमीप्रमाणे डोकी मोजली आणि तिकिटांशी ताडून पाहिली. दोन्ही आकडे जुळले. त्यांनी डबल बेल दिली. आनंद काकूंच्या मांडीवर होता. काकूंना वाटलं, सुनंदा मागे बापाजवळ आहे. बापाला वाटलं, पुढे आईजवळ आहे. आणि आकडा जुळला तो असा, की पाच वर्षांखालच्या पोरांना तिकीट नसतं. म्हणून काका त्यांना मोजतच नसत. चार वर्षांची सुनंदा कुठल्याच आकड्यात नव्हती.

"हरिसालच्या अलीकडे आईच्या लक्षात आलं. सगळी बस वळवली. मी ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसून होते. रडत नव्हते म्हणतात."

"तुला आठवतं?"

"एकच आठवतं. बाबा बसमधून उतरले, माझ्यासमोर आले आणि मला उचललं नाही. आधी बोट दाखवून मोजलं. एक. मग थोडं थांबून माझ्या शेजारी बोट नेलं. मग उचललं." तिनं हजेरीपट मिटला. "त्यानंतर मी बाबांबरोबर कुठल्याही गाडीत बसलेले नाही. कॉलेजलासुद्धा आईबरोबर गेले. त्यांना सांगा, नेपाळ दूर आहे."

परतीच्या गाडीत मी काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. यादीत गाळायचं नाही, हा माझा नियम आहे. काकांनी बाकावर एकदा टक केलं. मी थांबले.

"तवा दोन होत्या, ताई," ते म्हणाले.

"दोन काय?"

"पोरी. कठड्यावर. तोच फिराक, त्याच दोन येन्या. मले वाटलं डोळे फिरले. मोजून पायलं. दोनच भरल्या." ते अगदी सपाट आवाजात सांगत होते, जसं कोणी हिशेबातला जुना फरक सांगावा. "माही होती ती उचलली. वळखली मी बरोबर, चूक नाई त्यात. पन दुसरी बसूनच रायली ना. तिच्यासाठी कोनी बस वळवली नाई."

मधल्या जागेवर त्यांनी हात ठेवला होता. टेकवलेला नव्हता. थोडा वर धरलेला होता.

तंबू आल्यावर कॉलनीच्या मोकळ्या जागेत रंगीत तालीम झाली. दुपारची वेळ, कडक ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकांनी घड्याळ लावून तंबू उभा करायला लावला. आनंदनं खुंटा ठोकताना अंगठ्यावरच मारून घेतलं. प्रज्ञानं दोऱ्या अशा बांधल्या की दार मागच्या बाजूला आलं. आत पाच मोठ्या चटया आणि एक लहान. सगळ्यांनी पाच मिनिटं आत पडून बघितलं, मग शिट्टी झाल्यावर बाहेर येऊन रांगेत उभे राहिले. काका, काकू, आनंद, प्रज्ञा, आणि वही घेऊन मी. पाचही माणसं बाहेर.

तेवढ्यात ताडपत्रीची डावी बाजू आतून फुगली. कूस बदलताना कोणाचा तरी गुडघा लागावा तशी. फुगली आणि हळूहळू बसली. समोरच्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

"निंगते ती," काका म्हणाले. "तिले येळ लागते."

मी आत जाऊन बघितलं. मांजर नाही, कुत्रं नाही. लहान चटईवर हात ठेवला तर ती गरम होती. ताडपत्रीच्या आत दुपारी सगळंच गरम असतं. मी तसं लिहून ठेवलं. बाकीच्या चटयांवर हात ठेवून बघायचं मात्र मी टाळलं, हेही लिहायला हवं.

शेवटची तालीम काकांनी सेमाडोहला ठेवली. सामान खांद्यावर, दोन बस बदलून जायचं, चहाच्या टपरीमागे तंबू लावायचा, काढायचा आणि त्याच दिवशी परत. "जे इथं जमलं थे सोनौलीले जमते," असं ते म्हणत होते. पण तिथेच का, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी सुनंदाला निरोप धाडला: गाडीची वेळ, थांब्याचं नाव, आणि खाली एक ओळ, की दोन होत्या असं ते म्हणतात. उत्तर आलं नाही.

परतवाड्याहून निघालेली बस घाट चढून उतरली. सागाची पानगळ झालेली, जंगल आरपार दिसत होतं. मोरीजवळ बस हळू झाली. बेल कोणी दिली नव्हती. ड्रायव्हर जेमतेम तिशीचा. मी उतरताना त्याला विचारलं, इथे हळू का केली. "करतेच सारे," तो म्हणाला. "कावून थे मालूम नाई."

तंबू लागला, उतरला, काकांनी आयुष्यात पहिल्यांदा आनंदची पाठ थोपटली. मग सगळ्यांना मोरीच्या कठड्याजवळ उभं केलं. खाली ओढा कोरडा. काकांनी वही उघडली. शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही.

"एक," म्हणाले. दोन, तीन, चार. पाचाच्या जागी ते गोल काढणार, तेवढ्यात धारणीकडून येणारी बस टपरीपाशी थांबली आणि तिच्यातून सुनंदा उतरली. खांद्याला शाळेची पिशवी. काल धारणीला मैत्रिणीकडे मुक्कामाला आली होती म्हणे. बापाबरोबर बसमध्ये बसायचं नाही, एवढ्यासाठी उलटा वळसा घालून आली होती.

"आली का वो माय?" काकू म्हणाल्या. "मी म्हनलं, आता नेपाळ झाल्यावरच येते."

सुनंदा सरळ काकांसमोर गेली. "बाबा, नंबर नको. नावं घ्या."

काकांचा हात वहीवर थांबला. मग त्यांनी नावं घेतली, अडखळत, जणू ही नावं त्यांनी पूर्वी कधी तोंडात घेतलीच नव्हती. शांता. आनंद. प्रज्ञा.

"सुनंदा."

"हजर."

ते तिच्याकडे बघत राहिले. वहीत अजून एक ओळ उरली होती. तिथे नाव नव्हतं.

"तिचंही घ्या," सुनंदा म्हणाली. "माझंच नाव आहे तिचं. लहानपणी तुम्ही मला काय म्हणायचात?"

काकांचे ओठ हलले. आवाज आला तो इतका बारीक की मला वहीत काय लिहावं कळेना. "सुनी."

कोणी ओ दिली नाही. ओढ्यात वाळलेल्या पानांचा आवाज झाला आणि थांबला. वानर असेल. तिथे वानरं खूप आहेत.

सुनंदा कठड्यावर बसली, थोडं सरकून, एका बाजूला जागा सोडून. बराच वेळ बसली. मग उठली आणि लहान मुलाला खाली उतरवायला धरतात तसा उजवा हात खाली ठेवला. "चला, उशीर होतो आहे," म्हणाली. कोणाला म्हणाली ते मी नोंदवलेलं नाही. मग तिनं कठड्यावर बोटानं दोनदा टक टक केलं.

परतीच्या बसमध्ये ती बापाशेजारी बसली. दोघांच्या मधे वीतभर जागा. कंडक्टर तिकिटं फाडत आला, आम्हा सहा जणांची दिली आणि सवयीनं विचारलं, "बिनतिकिटाचं कोनी?"

काका हातातली तिकिटं उलटसुलट करून बघू लागले. सगळ्या आयुष्यात त्यांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता, पण त्याचं उत्तर त्यांना कधी देता आलं नव्हतं.

"एक," सुनंदा म्हणाली. "चार वर्षांची."

कंडक्टरनं त्या वीतभर जागेकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढे गेला. कुठे आहे, असं त्यानं विचारलं नाही. काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला, पुन्हा काढला. घाट संपेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. परतवाडा आलं तरी त्यांनी एकदाही डोकी मोजली नाहीत.

सुनंदा नेपाळला येते आहे. तिनं शाळेत रजेचा अर्ज दिला. रेल्वेची आरक्षणं झाली, मतदानाची कार्डं एका पाकिटात घातली, काकूंच्या गुडघ्याचं मलम दोन ठिकाणी विभागून ठेवलं, ताडपत्री वाळवून गुंडाळली. सोनौलीला कोण कोणाचा हात धरून सीमा ओलांडणार, तेही ठरलं. सुनंदाचा डावा हात काकांकडे, उजवा रिकामा ठेवायचा. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली आहे, एक सोडून.

पोखऱ्याच्या तंबूवाल्याचा छापील फॉर्म माझ्या टेबलावर आहे. काकांनी तो आणून दिला आणि म्हणाले, "तुमी भरा, ताई. तुमच्या हातची चूक होत नाई." नाव, गाव, येण्याचा दिवस, जाण्याचा दिवस, सगळं भरलं. खाली एक चौकोन आहे: एकूण व्यक्ती. तीन दिवस झाले. पेन उघडून त्या चौकोनाशी नेते आणि परत टोपण लावते. फॉर्म उद्या पाठवायचा आहे.